चोळीची शिवण

काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं जन्मगाव. त्यांचा जन्म १७७८ चा, कित्तूरची लढाई १८२४ ची, आणि १८२९ मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत असतानाच त्या गेल्या. तेव्हा कॅमेरा इकडे आलेला नव्हता. आज दिसणारं त्यांचं प्रत्येक चित्र, प्रत्येक पुतळा नंतरच्या कलावंतांनी मनानं घडवलेला आहे. ऑक्टोबरातल्या कित्तूर उत्सवात आणि बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांवर मुली तो जुना काळ अंगावर घेऊन उभ्या राहतात. लुगडं, नथ, बुगड्या, पाटल्या सगळ्यांवर घरच्यांनी जीव टाकलेला असतो. चोळी मात्र टक्स घातलेली, पाठीला हूक असलेली, मशीनवर टिपा मारलेली असते. म्हणजे एखाद्या लग्नासाठी शिवलेला ब्लाउजच. यात त्या मुलींचा काही दोष नाही. जुनी चोळी कशी बेतायची आणि हातानं कशी शिवायची, हे त्यांना सांगणारं जवळपास कुणी उरलेलं नाही.

चन्नम्मांनंतर लवकरच व्हिक्टोरिया राणीची राजवट आली, १८३७ ते १९०१ अशी. त्या काळात बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या बाईच्या अंगावर शिवलेलं काय होतं, ते कोण शिवत होतं, आणि आज ते हातानं जसंच्या तसं शिवता येईल का, असा हा प्रश्न आहे. येईल, असं माझं ठाम मत आहे. मात्र चित्रं पाहून नाही. जुनी चोळी हातात घेऊन, तिची मापं टिपून, गरज पडली तर एखादी शिवण उसवून बघितल्याशिवाय ते जमायचं नाही.

लिखित पुरावा कमी नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगावचा खंड १८८४ मध्ये निघाला. त्या मालिकेत एकेका जातीची माहिती देताना बायकांच्या पोशाखाची दखल हटकून घेतलेली असते: लुगडं सकच्छ की विकच्छ, चोळीला पाठ आहे की नाही, बाही आखूड की लांब. आमच्यासारख्या सीमेवरच्या मुलखात हे तपशील फार कामाचे आहेत, कारण इथे एकाच गल्लीत कासोटा घालणारी आणि गोल नेसणारी बाई शेजारी शेजारी राहत आली आहे. त्याआधी, १८६६ मध्ये, फोर्ब्ज वॉटसन यांनी हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवून प्रसिद्ध केले. इथल्या गिऱ्हाइकाला काय आवडतं हे विलायतेतल्या गिरण्यांना कळावं, म्हणजे तसलंच कापड तिकडे विणून इकडे विकता येईल, हा त्यामागचा उघड हेतू होता. सूत, रंग, काठ, पन्हा यांची नोंद झाली, कारण पैसा कापडात होता. सुई-दोऱ्यात कुणाला पैसा दिसला नाही, म्हणून चोळीची शिवण कशी असते याकडे दोन्ही ठिकाणी दुर्लक्ष झालं. रविवर्म्याच्या तैलचित्रांतून मराठी बाईचं नऊवारी जिवंत उभं राहतं, पण चोळीचा महत्त्वाचा भाग पदराखाली झाकलेला. स्टुडिओतल्या जुन्या फोटोंचंही तसंच. बगलेत काय आहे ते कुठलाच फोटो सांगत नाही, आणि चोळीची सगळी अक्कल तर बगलेतच असते.

काकतीतल्या एका घरी मला जुनी खणाची चोळी नीट बघायला मिळाली. घरातल्या चौथ्या पिढीमागच्या बाईची ती, असं त्या घरात सांगतात. खण गुळेदगुड्डच्या जातीचा, लाल अंगावर बारीक ठिपक्यांची वीण, दोन्ही कडांना काठ. ज्यानं किंवा जिनं ती बेतली, त्या माणसानं कापड वाया जाऊ दिलेलं नाही. पाठीचा तुकडा आडवा घेतलाय, त्यामुळे खणाचा काठ आपोआप पाठीच्या खालच्या कडेला आला. दुसरा काठ दोन्ही बाह्यांच्या तोंडाशी बसवलाय. म्हणजे जिथे कड दुमडून शिवावी लागली असती, तिथे मागावरचीच पक्की कड आली. दुमड वाचली, जाडी वाचली आणि शोभाही झाली. मुंढा गोल कोरलेलाच नाही. बाही सरळ, आणि बाही अंगाला मिळते तिथे खाली बगलेत एक चौकोनी तुकडा तिरका बसवलेला. त्या एवढ्याशा तुकड्यामुळे दंडाला घट्ट बसणारी बाही घालूनही बाईला हात डोक्यावर नेऊन घागर उचलता येते. छातीचा भाग वेगळ्या तुकड्यांनी उचललाय, टक्स एकही नाही. पुढची दोन टोकं निमुळती होत गेलेली, त्यांचीच गाठ मारायची. गुंडी नाही, हूक नाही.

शिवण उलटून बघितली तर आणखी गोष्टी दिसतात. सगळीकडे एकच टाका नाही. पाठ आणि पुढच्या भागाचा जोड धावदोऱ्यानं घातलाय, साधारण इंचाला दहा-बारा टाके. बगलेभोवती आणि छातीखाली, जिथे ताण येतो, तिथे मात्र उलटी टीप. शिवणीच्या कडा आत दुमडून पुन्हा बारीक टाक्यांनी बसवल्या आहेत, त्यामुळे अंगाला सूत टोचत नाही आणि उसवतही नाही. दोरा एकेरी, मेण लावून ओढलेला. यात धांदल म्हणून काही नाही, सगळं ठरवून केलेलं आहे. घट्ट चोळीवर जोराचा ताण आला तर आधी दोरा तुटावा, कापड फाटू नये, हा त्यातला विचार. दोरा घरात असतोच, खण महाग. शिवाय बाई बाळंत झाली, अंगानं भरली, की धावदोऱ्याची शिवण क्षणात उसवून बोटभर सैल करता येते. मशीनची टीप इतक्या सहज सुटत नाही. ओढाताणीत खणाचं सूतच निघून येतं.

आता याच काळातल्या विलायती बाईच्या कपड्यांकडे वळू, कारण ते कपडे बेळगावातही होते. पेशवाई संपल्यावर इथे इंग्रजांची छावणी बसली आणि छावणीबरोबर मडमाही आल्या. १८५० च्या दशकाच्या मध्याला पोलादी कड्यांचा पिंजरा घालून फुगवलेला घागरा, म्हणजे क्रिनोलिन, चालू झाला. १८७० नंतर तो फुगारा कमरेच्या मागच्या बाजूला सरकला. शतकाच्या शेवटच्या दशकात फुगा बाह्या आल्या. आत व्हेलमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्या घातलेली कॉर्सेट, त्याच्या आत शेमीज, त्यावर एकावर एक परकर. हे सगळं बोटीतून शिवून येत नसे. हिंदुस्थानातल्या सगळ्या छावण्यांत बंगल्याच्या व्हरांड्यात मांडी घालून बसलेला दर्जी जुना गाऊन समोर ठेवून नवा शिवत असे. साताऱ्यात जन्मलेले आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेले इ. हा. एटकन यांनी १८८९ च्या ‘बिहाइंड द बंगलो’ या पुस्तकात घरच्या नोकरचाकरांवर लिहिताना हरी नावाच्या दर्ज्याला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. त्यात साहेबी नजरेची गंमत भरपूर आहे. पण मडमेचा व्हिक्टोरियन गाऊन इकडच्या माणसानं, इकडच्या टाक्यांनी, हातानं शिवलेला असे, एवढं त्यातून नक्की कळतं.

विलायती कपड्यांच्या शिवणी बघितल्या की चोळीची आठवण आल्याशिवाय राहत नाही. शेमीजच्या बगलेत तोच चौकोनी तुकडा. अंगालगतच्या पोलक्याला ताणाच्या जागी उलटी टीप, आणि घाघऱ्याच्या लांबलचक शिवणींना मोठा धावदोरा. कारण घाघऱ्याचं कापड उसवून, उलटं करून, पुढच्या फॅशनला पुन्हा वापरायचं असे. मशीन घरात आल्यावरही काजं, गळपट्टी, चुण्या बसवणं ही कामं हातानंच होत राहिली. कापड महाग आणि हात स्वस्त असतील तिथे शिवणारा माणूस कुठल्याही देशात याच वाटेनं जातो. हौशी मंडळी या दोन पोशाखांना दोन वेगळ्या जगांतले समजतात, ते मला पटत नाही. ज्याला शेमीज हातानं शिवता येते त्याला चोळीची बगल अर्ध्या तासात समजते, आणि जिला चोळी येते तिला शेमीज शिकवावी लागत नाही.

फरक आहे तो धर्म आणि रूढीचा. शिवलेलं वस्त्र सोवळ्यात चालत नसे. ब्राह्मण घरांतल्या केशवपन झालेल्या विधवेच्या अंगावर आलवण असे, चोळी नसे. म्हणजे सुईनं शिवलेला एवढासा कपडा हेच सौभाग्याचं लक्षण ठरलं होतं. म्हणूनच ओटी खणानारळानं भरायची, माहेरवाशिणीची पाठवणी साडीचोळीनं करायची, सौंदत्तीच्या यल्लम्मेला लुगडं आणि खण वाहायचा. खण असा पूजेला लागल्यामुळे टिकला. तो घडी करून एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत राहतो. तो शिवून अंगात घालायची रीत मात्र दोन-तीन पिढ्यांतच मोडली. कापड हजारांनी राहिलं आणि चोळ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, ही उलटी स्थिती यातून आली.

बाईचा पोशाख चोळीनं संपत नाही. सोबतच्या वस्तूंत शिवणकाम उलट जास्त खुललेलं दिसतं. चंचीच घ्या. एका लांब पट्टीवर एकावर एक बेतलेले कप्पे, पानाला मोठा, सुपारीला आणि कातालवंगेला लहान, चुन्याच्या डबीला वेगळा, मग गुंडाळी करून बंदानं बांधायची आणि कमरेला खोचायची. प्रत्येक कप्प्याची कड वेगळ्या रंगाच्या उरेब पट्टीनं दाबलेली. चोळी बेतून उरलेल्या चिंध्यांवर बायकांनी आपला हात इथे चालवला. विलायतेत त्याच काळी बायका लहान बटव्यासारखी पिशवी मनगटाला अडकवत किंवा घाघऱ्याच्या आत नाडीनं खिसा बांधत. लहान मुलाची कुंची, पैशाचा कसा, दुपट्टं, गोधडी हे सगळं याच घरातलं. गोधडीतला धावदोरा ज्या हाताला सरळ येतो त्याला चोळी कठीण नाही.

कशिद्याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण तो खास आपल्या मुलखाचा आहे. धारवाड, बेळगाव, विजापूर या पट्ट्यातली कसुती इरकली लुगड्याच्या टोपपदरावर आणि खणाच्या चोळीवर चालते. तिचे टाके चार: गवंती, मुर्गी, नेगी, मेंथी. कापडावर छापा काढायचा नाही. ताणा-बाण्याचे धागे मोजत सुई घालायची. गाठ मारायची नाही, दोऱ्याचं टोक टाक्यांतच जिरवायचं. गवंतीत धावदोरा एकदा पुढे जातो आणि त्याच वाटेनं परत येताना रिकाम्या जागा भरतो, त्यामुळे उलटसुलट दोन्हीकडे एकच रेघ दिसते. गोपूर, रथ, पालखी, हत्ती, मोर, तुळशीवृंदावन सगळं या मोजणीतून उभं राहतं. हाच टाका युरोपात होल्बाइन या चित्रकाराच्या नावानं ओळखतात, कारण त्यानं रंगवलेल्या आठव्या हेन्रीच्या काळातल्या माणसांच्या गळपट्ट्यांवर तो काळ्या दोऱ्यानं भरलेला दिसतो. काळ्या चंद्रकळेवर भरलेली कसुती उलटी करून पाहावी. मागची बाजू पुढच्याइतकी स्वच्छ नसेल तर ते काम मशीनचं तरी आहे किंवा घाईचं.

हातशिलाईचा हा सगळा व्यवहार कशानं बदलला? सिंगरचं पेटंट १८५१ चं. शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत शिवणयंत्र आपल्या शहरांत शिरलं आणि शिंप्याच्या दुकानातून पुढे घराघरांत गेलं. पण फक्त यंत्रामुळे चोळी गेली असं मला वाटत नाही. शिकू लागलेल्या, घराबाहेर पडू लागलेल्या बाईला अंग झाकणारा, गाठीविना बसणारा कपडा हवा होता. आनंदीबाई जोशी अमेरिकेत गेल्यावर तिथली थंडी आणि रीत पाहून गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. ऑक्टोबर १८८५ मध्ये फिलाडेल्फियात काढलेला त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे. शेजारी जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींना शिवणकाम शिकवलं. १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणाचे वर्ग चालले. इंग्लंडात तर १८६२ पासून सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांत मुलींना शिवण सक्तीचं होतं, आणि मिशनच्या शाळांनी तीच पद्धत इकडे आणली. या वर्गांत शिकवलं गेलं ते पोलकं: बंद गळा, पुढे गुंड्या, फुगा बाही, कडेला लेस. ज्या विधवेला चोळी नाकारली होती तिच्या हातात सुई आली आणि तिचं पोट त्यावर भरू लागलं. ही फार मोठी गोष्ट झाली, आणि चोळी मागे पडली म्हणून हळहळताना ती विसरून चालणार नाही. मात्र पोलकं कसं बेतायचं हे पुस्तकात आलं, परीक्षेत आलं. चोळी आईकडून मुलीकडे जात होती, तिला पुस्तक मिळालं नाही, त्यामुळे साखळी तुटली तशी ती गेली.

अलीकडे जुन्या पोशाखाची ओढ पुन्हा वाढली आहे आणि मला तिचं मनापासून अप्रूप वाटतं. रमाबाई रानड्यांवरची ‘उंच माझा झोका’ ही मालिका, २०१९ चा ‘आनंदी गोपाळ’ हा चित्रपट यांनी एकोणिसाव्या शतकातलं मराठी घर लोकांच्या डोळ्यांपुढे आणलं. खणाच्या साड्या, पिशव्या, वह्यांची वेष्टनं निघाली. दुसरीकडे शिवलेली नऊवारी आली, पायजम्यासारखी चढवायची. नेसण्याची कला ज्यांना शिकायला सवड नाही त्यांची ती सोय आहे. पण त्यात जुना क्रम पार उलटला: जे कधी सुईखाली जात नव्हतं ते लुगडं शिवलं गेलं, आणि जी चोळी शिवण्यात खरी विद्या होती तिच्या जागी आयता ब्लाउज आला. गोव्यात वेंडेल रॉड्रिक्स यांनी ‘मोडा गोवा’ हे पुस्तक २०१२ मध्ये लिहिलं, पानो भाजूसारख्या पोशाखाचा बारकाईनं अभ्यास केला आणि कोलवाळच्या आपल्या घरातून वस्त्रांचं संग्रहालय उभारायला घेतलं. तेवढ्या तळमळीचा माणूस खणाच्या चोळीला मिळायला हवा.

विलायतेत व्हिक्टोरियन कपडे हातानं शिवणाऱ्यांचं काम सोपं झालं ते जॅनेट अरनॉल्डसारख्या बाईंमुळे. त्यांनी संग्रहालयांतला एकेक जुना गाऊन मोजला, प्रत्येक तुकड्याची आकृती चौकटीच्या कागदावर उतरवली, कुठे कुठला टाका आहे हे लिहिलं, आणि १९६० च्या दशकापासून ते छापत राहिल्या. कुणीही ती आकृती मोठी करून कापड बेतावं आणि शिवायला बसावं. आपल्या चोळीसाठी हेच करायला हवं. त्याला मोठी संस्था लागत नाही. बेळगाव, शहापूर, वडगाव, निपाणी, संकेश्वर इथल्या जुन्या घरांतल्या ट्रंकांत अजून चोळ्या आहेत. पुण्याच्या केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी वस्त्रं आहेत. टेप, चौकटीची वही आणि भिंग एवढ्यावर काम भागतं.

तारीख ठरवताना मात्र जपून राहावं. शिवणींना दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी सलग टीप असेल तर कपडा बहुधा यंत्र आल्यानंतरचा. हातशिलाई असेल तर तो जुनाच असेल असं नाही. खेड्यांत चोळ्या पुढेही कितीतरी वर्षं हातानंच शिवल्या गेल्या. भडक जांभळा रंग दिसला तर तो १८५६ नंतरचा समजावा, कारण कोळशाच्या डांबरापासून पहिला रंग तेव्हा निघाला. लाल मुळांपासूनचा की कारखान्यातला, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. कारखान्यातला तोच लाल १८६९ नंतरचा.

शिवायला बसणाऱ्यांना काही अनुभवाच्या गोष्टी सांगून टाकतो. खण धुऊन, सावलीत वाळवून मगच बेतावा. सुई बारीक आणि आखूड, दोरा सुती, हातभरच ओवलेला, मेणावरून ओढलेला. लांब दोरा गुंतत जातो आणि घासून झिजतो. अंगुस्तान मधल्या बोटात घालावं, पहिल्या दिवशी ते अडचण वाटतं, चौथ्या दिवशी त्याशिवाय चालत नाही. पाठ आणि काठ आधी जुळवावेत, बाही नंतर, बगल सर्वांत शेवटी. तुकडे कच्च्या दोऱ्यानं टाचून अंगावर घालून बघावेत, हात वर करून, वाकून, बसून. खणाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाची एक चोळी याच पद्धतीनं शिवून काढावी. ती काखेत आवळली तर मुंढा कोरायचा मोह होतो, तो आवरावा. बगलेचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी अर्धं बोट वाढवून पुन्हा बसवावा. चोळी सैल होते, पाठीचा काठ जागचा हलत नाही आणि खणही कापावा लागत नाही.